जन्म इथला, देश कोणता?

काश्मिरी गेटच्या आंतरराज्य बसस्थानकावरून यमुनेच्या कडेने उत्तरेकडे निघाले की काही अंतरावर मजनूं का टीला हा भाग लागतो. तिबेटमधून परागंदा झालेल्या कुटुंबांची जुनी वसाहत येथे आहे आणि तिच्याजवळच पाकिस्तानातून आलेल्या हिंदू कुटुंबांच्या झोपड्याही आहेत. दोन्हीकडची अनेक मुले दिल्लीतच जन्मली. त्यांच्या पालकांनी जपून ठेवलेल्या जन्मदाखल्यावर महापालिकेचा जो शिक्का असतो, तोच रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत वाढणाऱ्या एखाद्या मराठी अधिकाऱ्याच्या मुलाच्या दाखल्यावरही असतो. जन्मस्थळाच्या रकान्यात तिघांच्याही नावापुढे दिल्ली असेच लिहिलेले असते. तथापि, या तिघांपैकी भारताचा नागरिक कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या दाखल्यात मिळत नाही. ते मुलाच्या जन्मतारखेत आणि त्याच्या आईवडिलांच्या कागदपत्रांत शोधावे लागते.

स्थलांतरित पालकांच्या मुलांचे नागरिकत्व हा विषय अमेरिकेच्या अध्यक्षांनी २० जानेवारी २०२५ रोजी काढलेल्या आदेशामुळे भारतातील मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचला. पुणे, ठाणे, नागपूरपासून दिल्लीतील मराठी मंडळांपर्यंत त्याची चर्चा झाली, कारण ज्यांची मुले वा नातवंडे न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात जन्मली, अशी कुटुंबे आता सर्वत्र आहेत. मात्र, अमेरिकेत जे तत्त्व धोक्यात आले म्हणून येथे हळहळ व्यक्त झाली, ते तत्त्व भारताच्या संसदेने दोन टप्प्यांत केव्हाच मोडीत काढले आहे, याची आठवण या चर्चेत क्वचितच झाली.

संविधान सभेची कसोटी

जन्म झाला त्या भूमीचे नागरिकत्व, की जन्मदात्यांच्या नागरिकत्वाचा वारसा, हा वाद संविधान सभेपुढे एप्रिल १९४७ मध्येच आला होता. मूलभूत हक्कांविषयीच्या अंतरिम अहवालावर चर्चा सुरू असताना केवळ जन्माच्या आधारे नागरिकत्व देण्यास काही सदस्यांनी हरकत घेतली. सरदार वल्लभभाई पटेल यांनी तिला दिलेले उत्तर आजही लक्षात घेण्याजोगे आहे. राष्ट्रीयत्वाच्या व्यापक आणि संकुचित अशा दोन कल्पना जगात आहेत. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या भारतीयांना तेथील नागरिकत्व मिळावे, अशी मागणी आपणच करत आहोत. मग आपल्या घरी संकुचित दृष्टी स्वीकारणे आपल्याला शोभणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. परदेशी भूमीवर आपल्या मुलांसाठी जे मागायचे, ते आपल्या भूमीवर इतरांच्या मुलांना नाकारायचे नाही, ही ती कसोटी होती.

ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या तरतुदींचा मसुदा सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, एखाददुसरा अपवाद वगळता अन्य कोणत्याही अनुच्छेदाने मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दिली नसल्याचे सांगितले. या मसुद्यावर सर्वांत तिखट टीका केली ती विदर्भातील डॉ. पंजाबराव देशमुख यांनी. मुंबईत काही तासांपुरत्या थांबलेल्या परदेशी दांपत्याला तेवढ्यात येथे मूल झाले, तर तेही भारताचे नागरिक ठरणार काय, असा त्यांचा सवाल होता. भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली. अन्य कोणत्याही देशाचे नागरिक नसलेल्या हिंदू व शीख व्यक्तींना भारताचे नागरिक मानावे, ही त्यांची सूचना सभेने स्वीकारली नाही. पुढच्या पाऊण शतकातील वादाचे दोन्ही पक्ष अशा रीतीने तेव्हाच सभागृहात मांडले गेले होते.

१९५५ मध्ये नागरिकत्व विधेयक संसदेत आले तेव्हा गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरदारांच्याच बाजूने कौल दिला. २६ जानेवारी १९५० रोजी वा त्यानंतर भारतात जन्मलेली प्रत्येक व्यक्ती जन्मतः भारताची नागरिक, असे कलम ३ मध्ये स्वच्छ शब्दांत लिहिले गेले. अपवाद ठेवला तो परकीय राजदूतांच्या आणि शत्रुराष्ट्राच्या नागरिकांच्या मुलांपुरताच. पालक कोण, कोठून आले, कोणत्या परवान्यावर आले, हे विचारण्याची गरज कायद्याला वाटली नव्हती. फाळणीची जखम ताजी असताना आणि निर्वासितांच्या छावण्या अद्याप उठल्या नसताना हा निर्णय झाला, हे विशेष.

दोन तारखा, तीन पिढ्या

ही उदारता टिकली ती ३० जून १९८७ पर्यंत. आसाम आंदोलन, १९८५ चा आसाम करार आणि श्रीलंकेतून १९८३ पासून सुरू झालेला तमिळ निर्वासितांचा ओघ या पार्श्वभूमीवर राजीव गांधी सरकारने १९८६ मध्ये कायदा बदलला. १ जुलै १९८७ पासून भारतात जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी किमान एक जण भारतीय नागरिक असणे आवश्यक ठरले. दुसरा बदल वाजपेयी सरकारच्या काळात, डिसेंबर २००३ मध्ये संसदेने संमत केला आणि तो ३ डिसेंबर २००४ पासून अमलात आला. त्यानुसार दोन्ही पालक नागरिक असले पाहिजेत किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला, अशी अट आली. ही स्थिती मुलाच्या जन्माच्या वेळची पाहिली जाते. आई भारतीय नागरिक असली तरी परदेशी वडिलांच्या व्हिसाची मुदत प्रसूतीपूर्वी उलटून गेली असेल आणि त्यांचा मुक्काम बेकायदा ठरत असेल, तर ते मूल जन्माने भारतीय ठरत नाही.

या दुसऱ्या विधेयकाची संसदेतील वाटचाल बोलकी आहे. ९ जानेवारी २००३ रोजी दिल्लीत पहिला प्रवासी भारतीय दिवस साजरा झाला आणि पंतप्रधानांनी परदेशस्थ भारतीयांना दुहेरी नागरिकत्वाचे आश्वासन दिले. ते पुरे करण्यासाठी आलेल्या विधेयकाची ओळख दुहेरी नागरिकत्वाचे विधेयक अशीच राहिली. ज्यांचे आजोबा कधीकाळी भारतातून गेले, त्या परदेशात जन्मलेल्या नातवंडांसाठी दार किलकिले करणाऱ्या या विधेयकाने, येथेच जन्मलेल्या काही मुलांसाठी मात्र उरलेसुरले दारही लावून घेतले. सभागृहात आणि बाहेर चर्चा झाली ती प्रामुख्याने पहिल्या भागाची.

या दोन तारखांनी एकाच घरात वेगवेगळ्या दर्जाची माणसे निर्माण केली. १९८६ मध्ये कांगडा येथे तिबेटी निर्वासित आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या नामग्याल डोल्कर यांना पारपत्र नाकारण्यात आले, तेव्हा त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. २२ डिसेंबर २०१० रोजी न्यायालयाने त्या जन्मानेच भारतीय नागरिक असल्याचा निर्वाळा दिला. तरीही पारपत्र कार्यालयांचा नन्नाचा पाढा सुरूच राहिला. २०१६ मध्ये पुन्हा उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला आणि मार्च २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्या तिबेटींना पारपत्र देण्याच्या सूचना काढल्या. कायदा १९५५ चा, जन्म १९८६ चा आणि अंमलबजावणी २०१७ ची! त्यांच्यानंतर दोन-तीन वर्षांनी जन्मलेल्या धाकट्या भावंडांना मात्र तोही आधार नाही. परकीय नागरिक म्हणून नोंदणी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करत राहायचे आणि परदेशी जायचे झाल्यास पारपत्राऐवजी ओळख प्रमाणपत्रावर व्हिसा मागायचा, हे त्यांच्या वाट्याला येते. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगड परिसरात १९७० च्या दशकापासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तेथे जन्मलेल्या मुलांनाही हीच दोन तारखांची फूटपट्टी लागू पडते.

तमिळनाडूतील छावण्यांची कथा याहून वेगळी नाही. रामेश्वरमजवळच्या मंडपम छावणीत १९८६ मध्ये जन्मलेल्या एका महिलेला पारपत्र देण्याचा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये दिला आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तिने प्रथमच मतदान केले. राज्यातील छावण्यांत सुमारे ५८ हजार श्रीलंकन तमिळ राहत असल्याची नोंद गृह मंत्रालयाच्या अलीकडच्या अहवालांत आहे. त्यांतील तरुण पिढीचा मोठा भाग भारतात जन्मलेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने ९ जानेवारी २०१५ पूर्वी आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळ निर्वासितांना पारपत्र व व्हिसाविषयक दंडात्मक तरतुदींतून सूट दिली. शिक्षेची टांगती तलवार दूर झाली. परंतु शिक्षेतून सूट मिळणे म्हणजे नागरिकत्व मिळणे नव्हे.

मजनूं का टीला येथील पाकिस्तानी हिंदू कुटुंबांना २०१९ च्या दुरुस्तीने मार्ग दिला. तिचे नियम ११ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाले आणि १५ मे २०२४ रोजी दिल्लीत पहिल्या १४ जणांच्या हाती प्रमाणपत्रे पडली. तत्पूर्वी, डिसेंबर २०१६ मध्ये दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या अशा कुटुंबांचे अर्ज निकाली काढण्याचे अधिकार देशातील १६ जिल्हाधिकाऱ्यांना देण्यात आले होते. त्यांत नागपूर, मुंबई, पुणे व ठाणे यांचा समावेश होता. मात्र २०१९ ची सवलत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्यांपुरती आहे. जानेवारी २०१५ मध्ये आलेल्या कुटुंबाचे दिल्लीत जन्मलेले मूल शेजारच्या मुलासोबत एकाच शाळेत जाते, पण त्याच्या पालकांना लांबचा वळसा घ्यावा लागतो आणि त्यांचे प्रमाणपत्र येईपर्यंत त्या मुलाचाही प्रश्न लोंबकळत राहतो.

अमेरिकेचा आरसा

अमेरिकेच्या राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती १८६८ ची. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या नागरिकत्वाविषयी शंका राहू नये, हा तिचा तात्कालिक हेतू होता. १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे चिनी पालकांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरितांच्या मुलांनाही ती लागू केली. जानेवारी २०२५ च्या आदेशाने या परंपरेला छेद देण्याचा प्रयत्न केला. आई बेकायदा वास्तव्यास असेल किंवा विद्यार्थी, कर्मचारी, पर्यटक अशा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक वा ग्रीन कार्डधारक नसतील, तर मुलाचे नागरिकत्व मान्य करू नये, असे त्यात म्हटले होते. कनिष्ठ न्यायालयांनी त्याला स्थगिती दिली. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशव्यापी मनाई हुकमांच्या अधिकारावर मर्यादा आणल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये मूळ प्रश्न सुनावणीस घेतला.

आदेशातील बेकायदा हा शब्द बाजूला ठेवला तरी तात्पुरता हा शब्द भारतीयांना थेट भिडणारा होता. एच-१बी व्हिसावर गेलेले अभियंते पूर्णतः कायदेशीर मार्गाने राहतात, कर भरतात. पण रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नसल्याने भारतीयांची प्रतीक्षा वर्षानुवर्षे लांबते. अशा घरात पुण्यात जन्मलेला थोरला मुलगा एच-४ व्हिसावर असतो आणि एडिसनमध्ये जन्मलेली धाकटी बहीण अमेरिकी नागरिक असते. तोवर ग्रीन कार्ड मिळाले नाही, तर कायद्यातील वयोगणनेच्या सवलती धरूनही, २१ वर्षे पूर्ण होताच थोरल्याचा आश्रित दर्जा संपतो. मग विद्यार्थी व्हिसा मिळवायचा किंवा ज्या देशाच्या केवळ सुट्टीतल्या आठवणी आहेत, तेथे परतायचे, एवढेच पर्याय त्याच्यापुढे उरतात. मजनूं का टीला येथील तिबेटी भावंडे आणि एडिसनमधील मराठी भावंडे यांची परिस्थिती भिन्न आहे, हे खरे. परंतु एका घरातील दोन मुलांची भवितव्ये त्यांच्या हाती नसलेल्या तपशिलावर विभागली जातात, हे दोन्हीकडे समान आहे.

परतलेल्या कुटुंबांनाही या गुंत्यातून सुटका नाही. परदेशात जन्मलेले मूल भारतीय नागरिक व्हावे, यासाठी वर्षभरात वकिलातीत नोंदणी करावी लागते आणि त्याच्याजवळ अन्य देशाचे पारपत्र नाही, असे घोषित करावे लागते. बहुतेक पालक अमेरिकी पारपत्र घेतात आणि मुलासाठी परदेशस्थ भारतीय नागरिक, म्हणजेच ओसीआय कार्ड काढतात. नावात नागरिक असले तरी त्यात मताधिकार नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने या मुलांची वैद्यकीय व तत्सम प्रवेशांतील पात्रता अनिवासी भारतीयांच्या जागांपुरती मर्यादित केली, तेव्हा बालपण भारतात काढलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या पालकांना प्रथमच या शब्दाचा अर्थ उमगला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अधिसूचना पूर्वलक्षी प्रभावाने लागू होणार नाही, असे स्पष्ट करून आधीच्या कार्डधारकांना दिलासा दिला. याउलट, अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या पालकांच्या पोटी २००६ मध्ये आंध्र प्रदेशात जन्मलेल्या मुलीची व्यथा होती. तिच्याजवळ कोणत्याच देशाचे नागरिकत्व नव्हते. पारपत्र नाकारले गेल्यावर तिला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि २०२४ मध्ये ती भारतीय नागरिक झाली.

पुराव्याचे ओझे सर्वांवर

निर्बंधांच्या समर्थनार्थ मांडले जाणारे मुद्दे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. सच्छिद्र सीमा, लोकसंख्येच्या बदलत्या समतोलाविषयी आसामसारख्या राज्याची भीती आणि बनावट कागदपत्रांचा बाजार हे वास्तव आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आसामातील घुसखोरीला बाह्य आक्रमणाची उपमा दिली होती. आसामसाठी २५ मार्च १९७१ ही सीमारेषा ठरवणारे कलम ६अ न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२४ रोजी चार विरुद्ध एक मतांनी वैध ठरवले. कोणाला नागरिक मानायचे, हे ठरवण्याचा अधिकार सार्वभौम राज्याचा आहे, यात वाद नाही.

प्रश्न आहे तो त्या अधिकाराच्या ओझ्याचा. आसामच्या नागरिक नोंदणीत ३१ ऑगस्ट २०१९ रोजी १९ लाखांहून अधिक नावे वगळली गेली, तेव्हा पालक यादीत आणि मुले बाहेर अशी उदाहरणे पुढे आली. अशा मुलांची पालकांपासून ताटातूट केली जाणार नाही, अशी ग्वाही महान्यायवाद्यांना जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात द्यावी लागली. हे लोण आसामपुरते राहिले नाही. जून २०२५ मध्ये बिहारमधील मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा आदेश निघाला, तेव्हा त्यातील कागदपत्रांची वर्गवारी १ जुलै १९८७ आणि २ डिसेंबर २००४ याच तारखांवर बेतलेली होती. २००३ च्या यादीत ज्यांची नावे होती त्यांना सवलत मिळाली. इतरांपैकी पहिल्या तारखेपूर्वी जन्मलेल्यांनी स्वतःचा, दोन तारखांच्या दरम्यान जन्मलेल्यांनी स्वतःसह एका पालकाचा आणि त्यानंतर जन्मलेल्यांनी दोन्ही पालकांचा पुरावा द्यावा, अशी ती रचना होती. स्थलांतरितांच्या मुलांसाठी रचलेली चौकट अशा रीतीने सर्वच नागरिकांच्या मुलांना लागू झाली. बदलीच्या नोकरीमुळे चार राज्यांत चार मुले जन्मलेल्या अधिकाऱ्यालाही आता स्वतःचे कागद मुलांसाठी जपून ठेवावे लागणार आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने जन्मदाखल्याला शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत महत्त्वाचा दस्तऐवज ठरवले खरे. पण तो जन्माची तारीख आणि ठिकाण एवढेच सिद्ध करतो.

वाट आहे, वहिवाट नाही

केवळ जन्माच्या आधारे नागरिकत्व देण्याचे तत्त्व सोडणारा भारत हा एकमेव देश नाही. ब्रिटनने १९८३ पासून ते सोडले आणि ऑस्ट्रेलियाने १९८६ मध्ये. मात्र, दोन्ही देशांनी तत्त्व सोडताना मुलासाठी एक खिडकी उघडी ठेवली. तेथे जन्मून आयुष्याची पहिली दहा वर्षे तेथेच काढणाऱ्या मुलाला, पालकांचा दर्जा काहीही असो, ब्रिटनमध्ये नागरिक म्हणून नोंदणीचा हक्क मिळतो. ऑस्ट्रेलियात तर बव्हंशी तो आपोआप नागरिक होतो. सीमांचे रक्षण आणि मुलाला न्याय ही दोन उद्दिष्टे परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही, हे त्यातून दिसते. १९८६ आणि २००३ मध्ये भारतीय संसदेने अशी खिडकी ठेवली नाही.

तरीही विद्यमान कायद्यात एक फट आहे. विशेष परिस्थिती असल्याची खात्री झाल्यास कोणत्याही अज्ञान मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करण्याचा अधिकार कलम ५ च्या पोटकलम ४ ने केंद्र सरकारला दिला आहे. त्यासाठी घटनादुरुस्ती नको, नवा कायदाही नको. भारतात जन्मलेल्या, येथेच शिकलेल्या आणि अन्य कोणत्याही देशाचे नागरिकत्व नसलेल्या मुलांच्या बाबतीत हा अधिकार कोणत्या निकषांवर वापरावा, याची सुस्पष्ट मार्गदर्शक तत्त्वे गृह मंत्रालय ठरवू शकते. प्रत्येक मुलाला राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क आहे, असे सांगणाऱ्या बालहक्क संहितेला भारताने १९९२ मध्येच मान्यता दिलेली आहे. एकेका मुलाने उच्च न्यायालयाची पायरी चढावी आणि एकेका निकालासाठी दशक उलटावे, यापेक्षा तो मार्ग प्रशासनालाही सोयीचा ठरेल.

वॉशिंग्टनच्या न्यायालयांत या प्रश्नाचे जे काही होईल, त्याकडे न्यू जर्सीतील मुलांचे आजीआजोबा येथे डोळे लावून बसले आहेत आणि ते स्वाभाविकही आहे. पण सरदारांनी १९४७ मध्ये सभागृहापुढे ठेवलेली कसोटी दुहेरी होती. एडिसनमधील नातीसाठी जो न्याय मागायचा, तो मंडपमच्या छावणीतील, गोठणगावच्या वसाहतीतील आणि यमुनाकाठच्या झोपडीतील मुलांना देण्याची तयारी आहे काय, हा तिचा दुसरा भाग आहे. तो प्रश्न वॉशिंग्टनला विचारता येणार नाही. त्याचे उत्तर दिल्लीतच, संसदेला आणि गृह मंत्रालयालाच द्यावे लागेल.